गोटी थांबेल तिथे

रविवार, ८ फेब्रुवारी. काम एकच होतं: खडवलीला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या, प्रवीणच्या शेतावर एक पेडल स्टील गिटार उघड्या जमिनीवर उभी करायची आणि कार्यक्रम संपेपर्यंत ती डगमगू द्यायची नाही.

मला संगीतातलं काही कळत नाही. मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका. शाळेच्या प्रार्थनेतसुद्धा मी नुसते ओठ हलवते. तरी हे काम माझ्याकडे आलं, कारण आदल्या आठवड्यात सरांचा फोन आला. "बाई, प्रवीणच्या बॅचने बोलावलंय. गिटार घेऊन येतोय. पण लावायची तुम्ही. मी खुर्चीवर बसून सांगेन."

सर आणि असं म्हणतात? त्या गिटारीला सरांनी आजवर कोणाला हात लावू दिला नव्हता. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नीसुद्धा, तिच्यावरची धूळ लांबून फुंकर मारून उडवत. मी फोन ठेवला आणि मनाशी म्हटलं, सरांचा ऑपरेशन झालेला गुडघा आपण समजत होतो त्याहून जास्त बिघडलेला दिसतोय.

सर आमच्या कळव्याच्या शाळेत भूगोल शिकवायचे. मी नोकरीला लागले त्या पहिल्या आठवड्यात कबड्डीचं मैदान आखत होते. दोरी ताणून, फक्की टाकून, घाम गाळून चारी रेषा पूर्ण केल्या. तेवढ्यात इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक उंच माणूस आला, त्याने खिशातून काचेची गोटी काढली आणि मधल्या रेषेवर ठेवली. गोटी सावकाश निघाली आणि कुंपणाच्या भिंतीला जाऊन टेकली.

"तुमचं मैदान तिरकं आहे," ते म्हणाले.

"असणारच. पाणी जायला उतार ठेवलाय. नाहीतर पावसाळ्यात इथे म्हशी बसतील."

"म्हणजे एका बाजूची मुलं सगळा सामना चढावर खेळणार."

"हाफ टाइमला बाजू बदलतात, सर."

त्यांनी भिंतीजवळ जाऊन गोटी उचलली, रुमालाने पुसली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "ही तडजोड झाली. उत्तर नव्हे." आणि गेले. तो वाद पुढे ते निवृत्त होईपर्यंत चालला. माझं म्हणणं, उताराशिवाय मैदान टिकत नाही. त्यांचं म्हणणं, सपाटीशिवाय काहीच टिकत नाही. दोघांनीही एक इंच माघार घेतली नाही.

ती गोटी त्यांच्या खिशात कायम असायची. हॉटेलात चहा मागवायच्या आधी टेबलावर गोटी. बँकेत काउंटरवर गोटी. एका सहकाऱ्याने नवीन फ्लॅट घेतला, वास्तूच्या जेवणाला आम्ही सगळे गेलो, तर सर हॉलच्या मधोमध उकिडवे बसलेले आणि गोटी बाल्कनीकडे निघालेली. घरमालकीण रडायच्या बेतात. मी सरांना दंडाला धरून पंगतीत आणून बसवलं. जेवताना म्हणतात कसे, "बाई, खोटं बोलून आमटी गोड लागत नाही."

टेबल डगमगत असेल तर त्याच्या पायाखाली घालायला त्यांच्याकडे जुन्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिका असत. त्यांचं मापच ते. मुख्याध्यापकांचं टेबल दोन घड्या. प्रयोगशाळेचं कपाट चार घड्या. स्टाफरूममध्ये एकाही फर्निचरचा पाय असा नव्हता की ज्याच्याखाली सह्याद्रीच्या घाटांची नावं दडपलेली नाहीत. पेपर तपासताना मात्र हाच माणूस निर्दय. मुलाने नकाशात उल्हास नदी जरा दक्षिणेला सरकवली की गुण गेले. "नदी तुझ्या सोयीने वाहत नाही," असं उत्तरपत्रिकेवर लाल शाईत लिहायचे. पालक भांडायला यायचे. सर त्यांना खुर्ची द्यायचे, आधी खुर्चीखाली घडी घालायचे आणि मग भांडायचे.

गिटारीची गोष्ट अशी. सरांचं लहानपण कळव्याच्या चाळीत गेलं. वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात ते कॉलेजच्या वयापासून मांडीवर आडवी धरायची साधी गिटार वाजवायचे. मामेभाऊ बोटीवर नोकरीला होता. तो एकदा परदेशातल्या कुठल्याशा बंदरावरून ही पेडल स्टील घेऊन आला. दिसायला गिटारीसारखी नाहीच. लांबट पाटासारखं अंग, त्यावर आडव्या तारा, खाली चार बारीक लोखंडी पाय. डाव्या हातात गुळगुळीत लोखंडी दांडी धरून ती तारांवरून सरकवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. खाली पायाशी पेडल आणि दोन्ही गुडघ्यांच्या बाजूला खटके. पेडल दाबलं किंवा गुडघा बाजूला रेटला की एखाद-दोन तारांचा सूर वर चढतो नाहीतर खाली उतरतो. म्हणजे हात, पाय आणि गुडघे, सगळे एकाच वेळी कामाला. स्नेहसंमेलनात पहिल्यांदा आणली तेव्हा मुलं म्हणाली, "सरांनी इस्त्रीचं टेबल आणलंय." गिटार वाजायला लागली तेव्हा तीच मुलं पुढे सरकून बसली. कोणीतरी लांबून हाक मारत येतंय आणि जवळ आल्यावर ते आपल्याच ओळखीचं निघतं, असा काहीसा तो आवाज. मला कळतं ते एवढंच.

पण या बाईसाहेबांचा, म्हणजे गिटारीचा, एक नखरा. जमीन सपाट लागते. एक पाय जरा जरी खाली गेला तरी अंग पिळवटतं, पेडलच्या सळ्या अडकतात आणि सूर फिरतो. घरात ठीक. आपल्याकडे कार्यक्रम असतात रस्त्यावर, मैदानात, नाहीतर मंडपात. त्यातून सरांच्या आयुष्याचा निम्मा तिरसटपणा जन्माला आला, असं वहिनींचं मत.

टेंभी नाक्याजवळच्या एका गल्लीत नवरात्रात त्यांचा कार्यक्रम होता. मी आणि स्टाफमधले काहीजण गेलो होतो. रस्त्यावर आडवं स्टेज: लोखंडी घोड्यांवर फळ्या, फळ्यांवर हिरवं कार्पेट, त्यावर सॅटीनची झालर. सरांनी गोटी ठेवली. ती झालरीखालून पहिल्या रांगेत बसलेल्या एका आजींच्या पायाशी गेली. आजींनी ती पदरात टाकली. सर खाली उतरून गोटी मागायला गेले. तेवढ्यात ढोलवाले स्टेजवर चढले आणि फळ्या पाळण्यासारख्या हलायला लागल्या.

सर म्हणाले, "मी खाली बसतो."

मंडळाचा कार्यकर्ता गडबडला. "खाली? सर, तुम्ही पाहुणे आहात. खाली बसवलं तर लोक आम्हाला काय म्हणतील? काय मान राहील तुमचा?"

"वर बसलो तर मान राहील आणि सूर पडेल. यातलं काय ऐकायला आलेत लोक?"

त्यांनी आपली फळी काढली. ही फळी हा त्यांचा शोध. जाड प्लायवुडचे दोन तुकडे बिजागरीने जोडलेले, उघडले की चटईएवढे. गिटारही त्यावर आणि वाजवणाऱ्याचं स्टूलही त्यावरच. "गिटार फळीवर आणि आपण जमिनीवर, असं चालत नाही," ते सांगायचे. "दोघांनी एकाच जागी उभं राहायचं. ती खचली तर आपणही खचू, निदान भांडण होणार नाही." रस्ता मधे फुगीर आणि कडेला उतरता असतो, म्हणून फळीच्या एका कडेखाली प्रश्नपत्रिका गेल्या. सर रस्त्यावर बसून वाजवायला लागले. खुर्च्यांवरच्या लोकांना काही दिसेना. मग लोक एकेक करत उठले आणि सरांभोवती रस्त्यावर येऊन बसले. शेवटी स्टेजवर एक सत्काराची शाल आणि नारळ तेवढे उरले. त्या आजींनी कार्यक्रम संपल्यावर गोटी परत केली. म्हणाल्या, "नातवाला देणार होते, पण तुझं काम अडेल बाबा."

तर असा हा माणूस. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांचा डावा गुडघा बदलला. शस्त्रक्रिया चांगली झाली. चालायला लागले, काठी घेऊन जिना चढायला लागले. गिटारीवर मात्र बसता येईना. नवा गुडघा खोल दुमडायला नाही म्हणायचा आणि बाजूला खटक्यापर्यंत जायचाच नाही. घरी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा सरांचं निदान ठरलेलं: "फरशी तिरकी आहे."

वहिनी म्हणाल्या, "अहो, फरशी तीच आहे. गुडघा बदललाय."

दुसऱ्या प्रयत्नानंतर सरांनी पुण्याच्या एका स्टुडिओवाल्याला फोन केला. त्याला हे वाद्य कधीचं हवं होतं. सोमवारी संध्याकाळी टेम्पो घेऊन तो येणार असं ठरलं. आणि त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, हा प्रवीणच्या बॅचचा मेळावा. वहिनींनी मला फोनवर हळूच सांगितलं, "बाहेर, जमिनीवर एकदा बसून बघतो म्हणालेत. नाही जमलं तर सोमवारी देऊन टाकणार. तुम्ही जरा बघा हो. मी काही बोलले की त्यांना राग येतो."

खरं सांगायचं तर मला विकण्यात काही वाईट दिसत नव्हतं. न वापरलेली वस्तू वापरणाऱ्याकडे जावी. पण सर त्या दिवसांत गोटी घराबाहेर नेत नव्हते, असंही वहिनींनी सांगितलं. हे मात्र मला चाललं नाही.

प्रवीण हा माझा जुना कबड्डीचा कॅप्टन. आता कल्याणला केटरिंगचा धंदा करतो आणि खडवलीला नदीच्या बाजूला त्याची थोडी जमीन आहे. मी पोचले तेव्हा तो हातात रबरी पाइप घेऊन उभा होता आणि शंभरेक खुर्च्यांसमोरची सगळी जमीन चॉकलेटी, ओली, मऊ झाली होती.

"हे काय केलंस?"

"पाणी मारलं ना मॅडम! धूळ बसायला. तुम्हीच शिकवलंय, कार्यक्रमाच्या आधी मैदानावर पाणी मारायचं."

"अरे, ते कबड्डीसाठी. इथे बारीक पायांचं वाद्य उभं करायचंय. लोण्यात सुरी जाते तसे पाय आत जातील."

"मग वाळवू का? हॅलोजन आहेत आपल्याकडे."

"हॅलोजनने जमीन वाळत नाही, प्रवीण. तुझा पाइप कुठवर पोचला नाही ते दाखव."

पाइप पोचला नव्हता तो कोपरा खुर्च्यांच्या मागे होता, चिंचेच्या झाडाजवळ. दगडासारखी टणक जमीन, पण नदीकडे चांगलीच उतरती. मी म्हटलं, इथे. प्रवीणने डोक्याला हात लावला आणि मग सगळ्या बॅचला हाक मारली. "ए, खुर्च्या फिरवा रे! मागची रांग पुढे!" पहिल्या रांगेत जागा धरून बसलेले सगळ्यात मागे गेले. त्यावर जी काही बोलाचाली झाली ती लिहिण्यासारखी नाही.

सर आले. काठी, पांढरा शर्ट, खिसा रिकामा. वहिनी एक पाऊल मागे. सर खुर्चीवर बसले आणि सूचना सुरू झाल्या. फळी उघडली. पारदर्शक नळीत पाणी भरून तिचं एक टोक फळीच्या वरच्या कोपऱ्याला, दुसरं खालच्या कोपऱ्याला धरलं. दोन्हीकडचं पाणी कडेला एकसारखं लागेपर्यंत खालच्या बाजूला सपाट दगड, फरशीचे तुकडे आणि शेवटी प्रश्नपत्रिकांच्या घड्या घातल्या. फळीवर उभी राहून मी उड्या मारून पाहिल्या. फळी हलली नाही. मग गिटार उलटी ठेवून पाय पिळले, पेडलची पट्टी बसवली, सळ्या एकेक करून अडकवल्या आणि प्रवीणने व मी ती सरळ केली. सळ्या अडकवताना सर तीनदा "हळू" म्हणाले आणि एकदा डोळेच मिटून बसले.

"गोटी?" मी विचारलं.

"घरी आहे."

वहिनींनी पर्स उघडली आणि गोटी माझ्या हातावर ठेवली. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मी गोटी फळीवर ठेवली. ती ठेवली तिथेच थांबली. प्रवीणने टाळ्या वाजवल्या.

सर स्टुलावर बसले. उजवा गुडघा जागेवर गेला. डावा त्यांनी हाताने धरून आत घेतला, पाय पेडलवर टेकवला आणि खटका रेटायचा प्रयत्न केला. चेहरा पांढरा पडला. पुन्हा रेटला. तारेतून एक अर्धवट सूर निघाला आणि अडकला, जसं दार थोडं उघडून कोणी परत लावून घ्यावं. सरांनी दांडी खाली ठेवली.

"फळी बरोबर आहे," ते म्हणाले. "जमीन बरोबर आहे. म्हणजे आता दोष द्यायला काही उरलं नाही. प्रवीण, हे सोडवून ठेव. उद्या जायचंच आहे ते."

मी त्यांच्या गुडघ्याकडे बघत होते. इतकी वर्षं मुलांचे गुडघेच बघितलेत मी. स्टूल सपाट, मांडी सपाट, त्यामुळे कंबर अडकून पडली होती आणि पाय बाजूला हलायला जागाच नव्हती. स्टूल उंच करावं तर गुडघे वर गिटारीच्या अंगाला लागणार. गिटार उंच करावी तर सळ्यांची लांबी ठरलेली. राहता राहिलं एकच.

"सर, उठा जरा."

"कशाला?"

"उठा तर."

ते उठले. मी गिटारीच्या पेटीतून प्रश्नपत्रिका घेतल्या आणि स्टुलाच्या मागच्या दोन पायांखाली घड्या घालायला लागले. दोन. चार. सहा.

"बाई! स्टूल तिरकं होतंय!"

"करतेय म्हणून होतंय."

"मी काय घसरगुंडीवर बसून वाजवू?"

"मैदानाला उतार का ठेवतात, सर?"

"मला नका विचारू. तुमचा तो मुद्दा मी आजवर मान्य केलेला नाही."

"पाणी अडून राहू नये म्हणून. तुमचा पाय अडून राहिलाय. बसा."

मागून कोणीतरी म्हणालं, "सर, बसा ना. मॅडमनी शिट्टी काढली तर पळायला लावतील." बॅच हसली. वहिनी हसल्या. सर बसले. कंबर वर, मांडी पुढे उतरती, पाय जरासा लांब. गुडघ्याला आता तेवढं दुमडावं लागत नव्हतं. त्यांनी डावा गुडघा सावकाश बाजूला नेला. खटका सरकला. पुरता सरकला. तारेचा सूर चढला आणि चढलेल्या जागी उभा राहिला.

सर काही वेळ तसेच, गुडघा रेटलेल्या अवस्थेत बसून राहिले. मग म्हणाले, "पुन्हा बघतो," आणि पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. चौथ्यांदा सुरू केलं ते थांबलेच नाहीत.

काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही. काही जयंतीतलं होतं, काही मुलांना माहीत असलेलं, कारण ती गायला लागली. मधे एकदोन ठिकाणी पाय उशिरा पोचला, सर स्वतःवरच चिडून "च्" म्हणाले आणि पुढे गेले. प्रवीणचे केटरिंगचे लोक वडे तळायचे सोडून कढईपाशी झारे घेऊन उभे राहिले आणि एक घाणा करपला. मी बसले नव्हते. फळीच्या खालच्या कोपऱ्यापाशी उभी राहून दगड सरकत नाहीत ना ते बघत होते. सरकले नाहीत.

जेवणाच्या वेळी प्रवीणने विचारलं, "सर, मग उद्याच्या टेम्पोचं काय?"

सरांनी वहिनींकडे हात केला. "तिला फोन लावू दे. सांग गं त्याला, गिटार द्यायची नाही. ऐकायला यायचं असेल तर ये."

"मीच का सांगू?" वहिनी म्हणाल्या. "बोलावलं तुम्ही."

"तू सांगितलंस की लोक वाद घालत नाहीत."

मग ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता आभार वगैरे मानतील आणि मला अवघडल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. त्यांनी ताटावरची चटणी एका बाजूला सारली आणि गंभीरपणे म्हणाले, "फळी सपाट होती, हे लक्षात ठेवा. जमीन सपाटच लागते. उतार मला लागला. गिटारीला नाही."

"हो, सर."

"तुमच्या मैदानाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही."

"बदलू नका."

निघताना वहिनींनी गोटी सरांच्या खिशात टाकली. सामान गाडीत भरताना मी स्टुलाखालच्या घड्या काढल्या तर खालचे दोन कागद दमट झाले होते आणि दाबून निम्मे पातळ. कागदावर हे फार दिवस चालणार नव्हतं. त्यातली कोरडी होती ती एक प्रश्नपत्रिका मी पर्समध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला जायच्या आधी मी डोंबिवलीत आमच्या गल्लीतल्या सुताराकडे गेले. त्याला म्हटलं, सागाच्या दोन पाचरी हव्यात, पुढून पातळ, मागून जाड, स्टुलाचा पाय घसरू नये म्हणून वरून खाच मारलेल्या.

"मागून किती जाड, ताई?"

"सहा घड्या."

त्याने पेन्सिल कानावर ठेवली. "सहा काय?" मी पर्समधून इयत्ता आठवी, भूगोल, सहामाहीची प्रश्नपत्रिका काढली, त्याच्या रंध्याशेजारी सहा वेळा दुमडली आणि म्हटलं, "एवढं. कमी नको, जास्त नको. मी थांबते."